वेणूबाईंची धार

वेणूबाईंच्या हातांना जो कंप सुटला आणि पुढे कधी थांबला नाही, तो माझ्यामुळे. ज्येष्ठातल्या एका द्वादशीला त्या तोंडात पाण्याचा थेंब न घेता माझी वाट पाहत राहिल्या आणि मी वेळेवर गेलो नाही. नंतर मी सगळ्यांना सांगितलं, की मी विसरलो. त्यांनाही तेच सांगितलं. पुढे लग्न झाल्यावर बायकोलाही तेच. ते खोटं आहे. मी विसरलो नव्हतो.

हे आधीच लिहून टाकतो. पुढे वेणूबाईंचा माझ्यावरचा लोभ येईल, आणि तो वाचून कुणाला मी त्या लोभाच्या लायकीचा वाटेन. तसं वाटू नये.

मी जबलपुरात मुलांच्या मराठी शाळेत गणित शिकवायला लागलो तेव्हा एकटा होतो. वर्ध्याकडून आलेलो. चेरीताल मोहल्ल्यात, तळ्याजवळ, एक खोली मिळाली. समोरच्या घरात मुलींच्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका राहत होत्या, त्या वेणूबाई. उंच, वाळकी अंगकाठी, पांढऱ्या काठाचं लुगडं, काखेत काळी छत्री आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत वह्या-पुस्तकांबरोबर झाकणाचा एक तांब्याचा गडू कायम असायचा. नवरा कधी गेला, संसार किती झाला, हे मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

खोलीत सामान टाकून मी दारात घाम पुसत उभा होतो. समोरून आवाज आला, "काहून उभा आहेस? इकडे ये."

गेलो. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "सकाळपासून काय काय प्यालास?" एवढंच विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, "स्टेशनवर चहा घेतला."

"आणि?"

"आणि काही नाही."

"अच्छा. म्हणजे अर्धा मेला आहेस. बस."

त्यांनी माठातून तांब्या भरला, फुलपात्र माझ्या हातात दिलं आणि आपला हात कपाळाच्याही वर नेऊन पाणी ओतलं. एवढ्या उंचीवरून पाण्याची सुतासारखी धार आली आणि माझ्या फुलपात्राच्या मधोमध पडली. एक शिंतोडा उडाला नाही. फुलपात्र काठापर्यंत आलं तशी धार तुटली, कात्रीनं कापावी तशी. मी पाहतच राहिलो.

"पाहू नको, पी. घोट घोट. घटाघटा पिणारा माणूस मला आवडत नाही, ते पाणी अंगाला लागत नाही."

ते झाल्यावर मग त्यांनी नाव विचारलं.

पुढे कळलं, की ही त्यांची रीतच होती. दारात दूधवाला येवो, शाळा तपासायला साहेब येवो, भांडायला शेजारीण येवो, आधी काहीतरी प्यायला लावायचं आणि मग बोलायचं. "सुकलेल्या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही. तो आधी चिडतो आणि मग ऐकतो," असं म्हणायच्या. त्यांच्या घरात वेळेवेळेची प्यायची गोष्ट ठरलेली असे. सकाळी साधं पाणी. जेवताना ताक. उन्हाळ्यात शाळेतून आल्यावर कैरीचं पन्हं, नाहीतर शेजारच्या हिंदीभाषक घरांकडून शिकलेलं सातूचं पाणी. ताप असेल त्या घरी भाताची पेज, मीठ घालून. मी एकदा विचारलं, की बाई, ह्या सगळ्यात खरं औषधी काय? तर म्हणाल्या, "औषधी काही नाही. सगळं पाणीच आहे रे. कुणाचं आडनाव ताक, कुणाचं पेज. टरबूज खातोस तेही अर्धंअधिक पाणीच. माणसाला आडनावाशी काय करायचं? पोटात गेल्याशी मतलब."

चहाचं आडनाव मात्र त्यांना जरा खटकायचं. त्या दिवसांत चहा खपवणारे लोक हातगाडी घेऊन मोहल्ल्यामोहल्ल्यातून फिरत आणि फुकट कप वाटत. आमच्या गल्लीत गाडी आली तेव्हा सोवळ्यातल्या बायकांनी दारं लावून घेतली. वेणूबाई छत्री उघडून सरळ गाडीपाशी गेल्या. चहावाला म्हणाला, "पीजिए माताजी, गर्मी में ठंडक देती है."

बाईंनी कप घेतला, सगळा प्याल्या, पदरानं घाम टिपला. मग म्हणाल्या, "ठंडक तो पसीने से आती है भैया, और पसीना पानी से. तुम्हारी चाय में पानी अच्छा है, बस शक्कर आधी करो."

गल्लीभर हशा पिकला. चहावालाही हसला. त्या दिवसापासून बाई संध्याकाळी एक कप चहा घेऊ लागल्या, आलं घालून. "चहाही पाणीच आहे," असा त्यांनी निकाल दिला, "पण तो पाण्याची खुर्ची मागतो. खुर्ची नाही द्यायची. स्टूल द्यायचं." मी चहाबाज होतो, त्यामुळे हा निकाल माझ्यासाठीच होता हे मला कळलं.

त्यांच्या शाळेत पाण्याची घंटा होती. अशी घंटा मी दुसऱ्या कुठल्याही शाळेत पाहिली नाही. सकाळच्या तासांच्या मध्येच शिपाई रामदीन दोन टोले द्यायचा. सगळ्या मुली ओसरीवर रांगेनं यायच्या, आणि बाई स्वतः माठापाशी उभ्या राहून एकेकीच्या भांड्यात ती उंच धार सोडायच्या. पण ही घंटा सुरू झाली तेव्हा मुली पाणी प्यायच्या नाहीत. भांडं ओठाला लावायच्या आणि हळूच कुंडीत ओतून द्यायच्या. दुपारपर्यंत एखादी चक्कर येऊन पडायची, कुणाचं डोकं दुखायचं. शाळा-समितीतले लोक म्हणत, मुलींची जात नाजूक, शिकण्याचा ताण सोसत नाही.

बाईंनी मुलींना विचारलं. शेवटी एक लहानगी बोलली, "बाई, पाणी प्यालं की जावं लागतं."

शाळेला मागे मोकळं मैदान होतं आणि मैदानापलीकडे रस्ता. मुली सकाळी घरून निघताना पाणी पीत नव्हत्या आणि घरी जाईपर्यंत थेंब घेत नव्हत्या. सगळ्या. मोठ्या मुलींनी लहानींना हे शिकवून ठेवलं होतं.

पुढच्या बैठकीला बाईंनी मला बरोबर नेलं, बांधकामाला लागणाऱ्या विटांचा हिशेब मांडून द्यायला. समोर पगड्या-टोप्या घातलेले सभासद. बाई उभ्या राहिल्या आणि आधी सगळ्यांना रामदीनकडून ताक दिलं. ते पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "तुमच्या मुलींच्या लघवीचा रंग हळदीसारखा झाला आहे. शाळेत संडास बांधून द्या, नाहीतर शाळा बंद करा."

मी मान खाली घातली. एक सभासद खाकरले, म्हणाले, "बाई, असले विषय सभेत..."

"मग कुठे काढू? तुमच्या घरी येऊन काढू? चलो, आजच येते."

संडास बांधला गेला. भिंतीला पलिस्तर नव्हतं, पण दाराला आतून कडी होती. त्यानंतर पाण्याच्या घंटेला ओसरीवर जो गलका व्हायचा तो मी रस्त्यावरून जातानाही ऐकायचो.

आता त्या उंच धारेबद्दल. आमच्याकडे पाणी उंचावरून कुणाला वाढतात, हे वाचणाऱ्याला सांगायला नको. ज्याचा विटाळ होतो त्याला. पाणपोईवरही काहींच्या हातात भांडं देत, काहींच्या ओंजळीत वरून धार सोडत. बाईंच्या शाळेत झाडूवाल्याच्या घरची एक मुलगी होती. तिला पाणी कसं द्यायचं यावर कुजबुज सुरू व्हायच्या आतच बाईंनी ठरवून टाकलं, की सगळ्यांना उंचावरूनच. वकिलाच्या मुलीला, पुजाऱ्याच्या मुलीला, समितीच्या अध्यक्षांच्या नातीला, सगळ्यांना त्याच उंचीवरून, त्याच तांब्यातून. मला सुद्धा. त्या पहिल्या दिवशी माझ्या फुलपात्रात पडलेली धार हीच होती.

एक गृहस्थ तक्रार घेऊन आले. बाई म्हणाल्या, "तुमच्याच रीतीनं करून राहिले. धार वरून पडते, खालचं वरच्याला लागत नाही. मग हरकत काय?"

"पण आमच्या मुलीला वरून? आम्ही काय..."

"काय? बोला ना. पूर्ण करा वाक्य."

बाईंनी त्यांनाही एक फुलपात्र दिलं, वरून धार सोडली आणि म्हणाल्या, "प्या. घोट घोट."

अशी ही बाई वर्षातून एक दिवस पाणी पीत नसे. आमच्या मराठी घरांत आषाढी-कार्तिकीचं जेवढं, तेवढं निर्जळा एकादशीचं नाही. जबलपुरात मात्र भर ज्येष्ठात, लूचे गरम वारे वाहत असताना बायका दिवसभर थेंब न घेता राहतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सरबत पाजतात, मातीचे घडे दान देतात. बाईंनी हे व्रत इथलंच उचललं होतं. पण त्यांचा नेम आणखी एका पायरीचा होता. द्वादशीला सकाळी एका पाहुण्याला बोलवायचं, त्याला आपल्या हातानं पाणी द्यायचं, आणि तो प्याला की मगच आपण प्यायचं. ज्याला बोलावलं त्यालाच. बदली माणूस चालत नसे.

मी त्यांची थट्टा केली होती. "बाई, वर्षभर जगाला सांगता, पाणी सोडू नका, आणि स्वतः असं? हे तुमच्या कोणत्या शास्त्रात बसतं?"

त्या म्हणाल्या, "नाही बसत. माझी धाकटी बहीण तापात गेली. तापात पाणी द्यायचं नाही, असं वैद्यांनी सांगितलेलं. ती मागत होती आणि माठापाशी राखणीला मला बसवलं होतं." मग उठून त्यांनी माझं फुलपात्र उचललं. "तहान कशी असते ते विसरू नये म्हणून एक दिवस करते. शास्त्र नाही ते. चल, जा आता."

दोन वर्षं द्वादशीचा पाहुणा मी होतो. तिसऱ्या वर्षीही बाईंनी मलाच सांगितलं, "ऊन चढायच्या आत ये बरं." मी हो म्हटलं.

त्या दिवशी सकाळी मी एका मित्राची सायकल परत करायला नेपियर टाउनला गेलो. जाताना बाईंना हाक मारून सांगितलं, की नेपियर टाउनला सायकल देऊन आलोच. मित्राच्या घराजवळ चहाचं एक नवं दुकान निघालं होतं. आत खसाची, म्हणजे वाळ्याची ताटी, तिच्यावर पाणी मारलेलं, कोपऱ्यात ग्रामोफोन. तीन-चार मित्र बसलेले. मी बसलो.

पहिला कप झाला तेव्हा मी उठत होतो. हे मला नीट आठवतं. मित्र म्हणाला, "कुठे चाललास? त्या पाणीवाल्या बाईकडे?"

"हो. वाट पाहत असतील."

"पाहतील की. तुझ्याशिवाय पिणार थोडंच आहेत?"

सगळे हसले. मीही हसलो. आणि मी खाली बसलो. एवढंच नाही. मी हात कपाळाच्या वर नेऊन चहाच्या रिकाम्या कपात हवेची धार सोडली आणि बाईंच्या आवाजात म्हटलं, "काहून रे, सकाळपासून काय काय प्यालास?" मित्र टेबलावर हात आपटून हसले. मला आणखी करायला सांगितलं. मी आणखी केलं. मग आणखी चहा आला.

मी विसरलो नव्हतो. नक्कल करत असताना माणूस त्याच माणसाला विसरतो कसा? मला आठवत होतं, की त्या माठापाशी बसल्या आहेत, की काल पहाटेपासून त्यांच्या घशाखाली काही उतरलेलं नाही. आणि कुणीतरी आपल्यासाठी असं थांबून आहे, मी जाईन तेव्हाच त्यांची तहान सुटेल, याचं मला त्या गार ताटीआड बसून बरं वाटत होतं. गोड वाटत होतं. मी एकटा माणूस होतो, माझ्यासाठी कुणी थांबत नसे, असं मी पुढे पुष्कळदा स्वतःला समजावून पाहिलं. ते खरं आहे, पण त्यानं काही कमी होत नाही.

मी निघालो तेव्हा ऊन पांढरं झालं होतं. सावली धरून आडगल्ल्यांतून चालत आलो, कुठे कुत्रंही नव्हतं. चेरीतालला आलो तर बाईंचं दार उघडं. आत पाट मांडलेला. पाटासमोर फुलपात्र उपडं घातलेलं, शेजारी भरलेला तांब्या, त्यावर तुळशीचं पान. माठाला ओलं फडकं गुंडाळलेलं, ते सुकून गेलं होतं. बाई नव्हत्या. छत्री खुंटीवर नव्हती.

मी त्या पाटाकडे पाहत उभा होतो, तेवढ्यात टांगा आला. टांग्यात रामदीन, आणि त्याच्या मांडीवर बाईंचं डोकं.

"कहाँ थे भैया आप?" तो ओरडला. "बाईजी आपको ढूँढने निकली थीं. कह रही थीं, माधव सायकिल से गिर तो नहीं गया."

तळ्याच्या पलीकडे, नेपियर टाउनच्या रस्त्याला, लिंबाच्या बुंध्याशी त्या बसलेल्या त्याला दिसल्या होत्या. छत्री वाऱ्यानं दूर गेली होती. त्यांनी ती आणायला उठायचा प्रयत्न केला असावा, कारण लुगडं गुडघ्यांवर मातीनं भरलं होतं.

मी त्यांचा हात धरला. तो तापलेल्या तव्यासारखा होता, आणि कोरडा. घामाचा टिपूस नाही. आम्ही ओल्या चादरी गुंडाळल्या, वारा घातला. डॉक्टर आले. म्हणाले, शुद्ध येईपर्यंत तोंडात काही घालू नका, श्वासात जाईल. मी भरलेल्या तांब्याशेजारी बसून राहिलो.

दिवेलागणीला त्यांनी डोळे उघडले. डॉक्टरांनी मान हलवली तसा रामदीननं चमचा पुढे केला. बाईंनी तोंड बाजूला फिरवलं. जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांत अडकत होते. रामदीनला कळलं नाही. मला कळलं. त्या विचारत होत्या, "तो प्याला का?"

मी ते उपडं फुलपात्र सुलटं केलं, तांब्यातलं पाणी ओतलं आणि त्यांच्यासमोर प्यालो. तुळशीचं पान ओठाला लागलं. मी प्याल्यावर त्यांनी चमचा घेतला. ते पाणी माझ्या घशात आजही आहे. खाली उतरलेलं नाही.

त्या वाचल्या. पण उन्हानं आत कुठेतरी काही जाळून टाकलं होतं. चालताना तोल जायचा, बोलणं ओढल्यासारखं झालं, आणि दोन्ही हातांना कंप सुटला. एखादी वस्तू धरायला गेल्या की तो वाढायचा. डॉक्टर म्हणाले, मेंदूला झळ बसली, कदाचित सुधारेल. सुधारलं नाही.

थोडं बोलता येऊ लागल्यावर त्यांनी मला विचारलं, "कुठे होतास रे?"

मी म्हटलं, "बाई, मी विसरलो."

त्या हसल्या. त्यांचं ते खोकल्यासारखं हसू तेवढं तसंच राहिलं होतं. "विसरलास? अच्छा. विसरणं काही पाप नाही. मीच वेडी, उन्हात निघाले."

तिथेच सांगायला हवं होतं. मी त्यांचे पाय चेपले, सुपारीएवढं तोंड करून बसलो आणि क्षमा पदरात पाडून घेतली. ज्या गोष्टीची मिळाली, ती मी केलीच नव्हती.

सुट्टीनंतर शाळा उघडली. बाई पहिल्या दिवशी पाण्याच्या घंटेला उभ्या राहिल्या. रामदीननं मला नंतर सांगितलं. तांब्या वर गेला आणि पाणी पहिल्या मुलीच्या केसांवर, दुसरीच्या पाटीवर, ओसरीवर सगळीकडे. मुली आधी हसल्या आणि मग रडायला लागल्या. काही महिन्यांनी बाईंना निवृत्त केलं. नव्या बाई आल्या त्या भल्या होत्या, पण त्यांचा हात तेवढा उंच जात नव्हता आणि तेवढं भांडायची त्यांची छाती नव्हती. माठापाशी मुलींच्या हातात सरळ भांडं देऊ लागले. झाडूवाल्याच्या मुलीसाठी वेगळी बादली आली, ओसरीच्या टोकाला. थोड्या दिवसांनी ती मुलगी शाळेत यायची बंद झाली.

मी कुंडमच्या शाळेत बदली मागून घेतली. तिकडे जंगलात कुणी जायला तयार नसे, त्यामुळे लगेच मिळाली. लोक म्हणाले, तरुण असून केवढा त्याग. मी तेही मुकाट्यानं घेतलं.

कुंडमला माझं लग्न झालं, मुलं झाली, केस पांढरे झाले. बायको दुपारी पाण्याचा पेला पुढे करते तेव्हा मी नकळत दाराकडे पाहतो. ती विचारते, "कुणी येणार आहे का?" मी नाही म्हणतो. ज्येष्ठ लागला, की भर उन्हात घरात कुठेतरी पितळेत धार पडल्यासारखी वाटते. बारीक, न तुटणारी. मी उठून माठापाशी जातो. तिथे कुणी नसतं, आणि जमीन कोरडी असते. शाळेत मी पाण्याची घंटा सुरू केली आहे, पण पाणी दुसरे गुरुजी वाढतात. मी एकदा हात वर नेऊन पाहिला. त्या चहाच्या दुकानात नेला होता तसाच तो वर गेला. मी तांब्या खाली ठेवला.

यंदा वैशाखात रामदीन कुंडमला आला, नातीच्या सोयरिकीसाठी. म्हातारा झाला आहे. बाईंची देखभाल तो आणि त्याची बायको करतात. मी ताक पुढे केलं. त्यानं घोट घोट घेतलं आणि म्हणाला, "बाईजी की याददाश्त अब इधर-उधर हो गई है, भैया. उपवास तो डॉक्टर ने कब का छुड़वा दिया. पर जेठ की द्वादशी को सुबह से पानी नहीं लेतीं. पूछती रहती हैं, माधव आया? हम झूठ बोल देते हैं कि आया था, पीकर गया. तब पीती हैं."

"दर वर्षी?"

"हर साल."

या द्वादशीला मी आदल्या रात्रीच जबलपूरला जाऊन राहिलो. पहाटे चेरीतालला पोचलो तेव्हा गल्लीत झाडलोट चालली होती. रामदीनच्या बायकोनं दार उघडलं. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, लहान झालेल्या, केस कापसासारखे. समोर पाट होता. फुलपात्र उपडं घातलेलं होतं.

माझ्याकडे पाहून त्यांच्या डोळ्यांत काही हललं. "काहून उभा आहेस? बस," त्या म्हणाल्या. एकेक अक्षर ओढत.

मी पाटावर बसलो. मनात होतं, की आधी सांगावं आणि मग पाणी घ्यावं. पण त्यांचे ओठ सुकलेले दिसले. माझ्या बोलण्यासाठी त्यांना आणखी एक क्षणही तहानलेलं ठेवायचा मला अधिकार नव्हता. मी फुलपात्र सुलटं करून धरलं. त्यांनी दोन्ही हातांनी तांब्या उचलला. रामदीनची बायको धरायला पुढे झाली, मी तिला नको म्हटलं. तांब्या हलत हलत वर गेला, त्यांच्या कपाळापर्यंत. पाणी माझ्या मनगटावर पडलं, मांडीवर, पाटावर, आणि थोडंसं फुलपात्रात. जेवढं पडलं तेवढं मी घोट घोट प्यालो.

मग मी फुलपात्र भरून त्यांच्या ओठांना लावलं. त्या सगळं प्याल्या. हनुवटीवरून ओघळलेलं मी माझ्या धोतराच्या सोग्यानं टिपलं.

"आज वेळेवर आलास," त्या म्हणाल्या. "त्या वेळेस विसरला होतास. नाही का रे?"

"नाही, बाई," मी म्हणालो. "विसरलो नव्हतो. मी चहाच्या दुकानात बसून तुमची नक्कल करत होतो. तुम्ही पाण्यावाचून थांबल्या आहात, हे मला आठवत होतं, आणि तरी मी बसून राहिलो. बाई, मला क्षमा करा."